चौथीच्या वर्गातला माझा आवाज

जुलै महिन्यातल्या एका मंगळवारी परिपाठ संपल्यावर माझे पती शाळेच्या व्हरांड्यात खाली बसले. मुलांनी मला हाक मारली. गावातल्या एकानं जीप आणली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि ते गेल्याचं सांगितलं. तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. शाळेत मुलं होती आणि शिक्षक नव्हता.

शाळेवर आम्ही दोघंच होतो. जिल्हा परिषदेची शाळा, हदगावहून बसनं पाऊण तास आणि मग फाट्यापासून चालत. दोन खोल्या, चार वर्ग, बत्तीस मुलं. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी यांच्याकडं. लग्नानंतरची सहा वर्षं मी देवणी तालुक्यातल्या एका शाळेवर होते आणि हे इकडं. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीसाठी आम्ही दरवर्षी अर्ज भरत होतो. बदली झाली तेव्हा हे फोनवर एवढंच म्हणाले, "ये आता. खोलीत पंखा लावून ठेवतो." त्यानंतर पाच वर्षं आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना शिकवलं.

त्या भिंतीतून आवाज आरपार जायचा. माझा तिकडं जायचा, तिकडून फारसं काही यायचं नाही. मी कधी चिडवायची, "तुमच्या वर्गात शिकवता का झोपवता?" हे हसून म्हणायचे, "तुझ्या आवाजानंच पोट भरतं त्यांचं. माझा कशाला हवा?"

मला वाटायचं, हे माझं कौतुक आहे.

आमच्या घरी वाचणं म्हणजे मोठ्यानं वाचणं. मुरुडला आमच्या वस्तीत माझे वडील संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसून पेपर वाचून दाखवायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं ती माणसं भोवती बसायची आणि मधेच म्हणायची, "हां, पुन्हा एकदा म्हण ते." वडील पुन्हा वाचायचे. मी त्यांच्या मांडीला टेकून बसलेली असायची. पुढं मी शिक्षिका झाले तेव्हा ते म्हणाले होते, आपल्या घरातला आवाज आता शाळेत जाईल. मी तोच आवाज घेऊन पहिलीच्या वर्गात उभी राहिले. एक ओळ मी वाचायची, मुलांनी मागून म्हणायची. सगळा धडा झाला की पुन्हा पहिल्यापासून. आठ दिवसांत मुलं धडा घडाघडा वाचायची आणि मला वाटायचं, माझ्या हाताला यश आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम यांच्या गावी झाला. भंतेजी आले, वंदना झाली, माणसं जेवून गेली. माझा भाऊ म्हणाला, "ताई, महिनाभर रजा टाक, मुरुडला चल." मी नाही म्हटलं. शाळा उघडायला दुसरं कुणी नव्हतं, हे एक कारण होतं. दुसरं हे की मुरुडच्या घरात सगळे माझ्याकडं बघत बसले असते. मुलं निदान फळ्याकडं बघतात, असं मला वाटलं.

शाळेत परत आले त्याच दिवशी केंद्रप्रमुख मोटारसायकलवर आले. दहा-बारा शाळांचं एक केंद्र असतं, त्याचे हे प्रमुख. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. हेल्मेट हातात धरून बराच वेळ उभे होते. माझ्यासमोर बसावं की नाही, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"मॅडम, बदली शिक्षक मागितलाय. पण आत्ता कुणी मिळंल असं दिसत न्हाई. चारी वर्ग तुम्हालाच बघावं लागतील."

"बघते सर."

"आणि आणखी एक. पोळ्यानंतर चौथीची वाचन तपासणी हाय. पथक वरून येणार. उतारा त्यांचाच, पुस्तकातला न्हाई. एकेक लेकरू वेगळं बसवून वाचून घेणार." मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाले, "तुम्ही काय भिता? सरांनी सगळी पोरं गोष्टीच्या स्तराला नेऊन ठेवलीत. आख्ख्या केंद्रात तुमची एकच शाळा शंभर टक्के. भ्यायचं ते बाकीच्यांनी."

प्रत्येक मुलाचं वाचन कुठवर आलं आहे ते दर महिन्याला एका वहीत भरायचं असतं. पाच रकाने असतात. पहिल्यात काहीच वाचता न येणारी मुलं, मग अक्षर, मग शब्द, मग परिच्छेद, आणि शेवटचा गोष्टीचा. गोष्ट म्हणजे न बघितलेला मजकूर मूल स्वतःहून वाचतं. ही वही हे भरायचे, कारण यांचं अक्षर चांगलं होतं. मी खाली सही करायची. चौथीच्या अकराही नावांपुढं शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण होती.

चार दिवस मी यांच्या खोलीत गेले नाही. बत्तीसही मुलांना माझ्याच खोलीत बसवलं. पाचव्या दिवशी जागा पुरेना, पहिलीची मुलं एकमेकांच्या मांडीवर बसायला लागली, तेव्हा चौथीच्या मुलांना घेऊन भिंतीपलीकडं गेले. खोलीत काही वेगळं नव्हतं. टेबलावर डस्टर होतं, खडूची पेटी होती. मी खुर्चीवर बसले नाही. दाराजवळ उभी राहिले आणि पुढच्या रांगेतल्या मुलीला म्हटलं, "काढ गं पुस्तक. पहिला धडा वाच."

ती उभी राहिली आणि न अडखळता वाचत गेली. पुढचा मुलगाही तसाच. माझा जीव भांड्यात पडला. तपासणी होऊन जाईल, असं मनाशी म्हटलं. तिसऱ्या मुलीच्या जवळ मी उगीचच गेले आणि तिचं बोट बघितलं. तिचं तोंड धड्याच्या शेवटी होतं आणि बोट मधल्या परिच्छेदावर होतं. बोट थांबलेलं होतं. आवाज पुढं चालला होता.

मी तिला थांबवलं नाही. फळ्याकडं गेले आणि मनानंच चार वाक्यं लिहिली. काका बाजारात गेले. त्यांनी दोन नारळ आणले. एक नारळ फुटला. काकू हसल्या. अशी सोपी वाक्यं.

"वाचा बरं."

कुणी बोललं नाही. मला वाटलं, लाजतात. "वाचा की. एकानं कुणीतरी."

मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्ही आधी म्हणा."

"मी कशाला म्हणू?"

"तुम्ही म्हणल्यावर आमाला येतंय."

सगळी हसली. मीही हसले असेन, कारण त्यांच्या चेहऱ्यावर काही बदल झाला नाही. मग एकेकाला फळ्याजवळ बोलावलं. अकरा मुलांत तीन जणांना एखादा शब्द लागत होता. नारळातला 'र' दाखवून विचारलं तर तेवढ्यांनीच सांगितलं, बाकी एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते.

त्या दुपारी मला यांचा राग आला. माणूस जाऊन तीन आठवडे झाले नव्हते आणि मी भांडी आपटत होते. वर्षभर या मुलांना घेऊन बसलात ते काय केलंत? वहीत कसल्या खुणा केल्यात? ज्याला विचारायचं तो माणूसच नाही, याचाही राग होता. आणि रागाच्या खाली भीती होती. पथक येणार, एकेक मूल बसवणार, अकराही मुलं गप्प राहणार. मग वही उघडणार. गावात यांचं नाव होतं. मयताला आख्खं गाव लोटलं होतं, ज्यांच्या घरात आम्हाला अजून चहा वेगळ्या कपात मिळतो तीही माणसं खांदा द्यायला आली होती. आता ते नाव माझ्यासमोर, माझ्याच शाळेत, मातीला मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुसरीचं पुस्तक घेऊन चौथीत गेले. म्हटलं, निदान कुठून सुरुवात करायची ते कळेल. ज्या मुलीचं बोट थांबलं होतं तिलाच उभं केलं. शेळीचा एक धडा आहे, तो काढून दिला. तिनं तो वर्षभरात उघडला नसेल. पण ती खुशीत वाचायला लागली.

"शेळी ओढ्यापाशी आली. ओढ्याला पाणी होतं. आता पान उलटा. पलीकडं हिरवा पाला होता."

मी म्हटलं, "थांब. पुन्हा वाच."

"शेळी ओढ्यापाशी आली. ओढ्याला पाणी होतं. आता पान उलटा. पलीकडं हिरवा पाला होता. मागचे गप बसा रे. शेळी म्हणाली, मी कशी जाऊ?"

'पाणी होतं' म्हणताना तिनं आवाज खाली आणला आणि 'पान उलटा' किंचित वर नेलं. मधे एक बारीक श्वास घेतला. तो श्वास माझा होता. पान उलटताना मी तिथं तसाच श्वास घेते. शेळीच्या तोंडी मी बारीक आवाज काढते, तो तिनं काढला. मी दुसरीत वाचून दाखवलेला धडा ती मला परत वाचून दाखवत होती, मधल्या माझ्या दटावणीसकट.

बाकीची मुलं ओठ हलवत होती. सगळ्यांना येत होतं.

मी खाली बसले. यांच्या खुर्चीवर बसले हे नंतर लक्षात आलं. मुलगी विचारत होती, "बाई, बरोबर हाय नव्हं?" मी मान हलवली. काय म्हणून हलवली, मला सांगता येणार नाही.

म्हणजे ही मुलं यांच्याकडं आली तेव्हाच अशी आली होती. दोन वर्षं माझ्यासमोर मांडी घालून बसली, माझा आवाज शिकली आणि पुढं गेली. मी त्यांना पास केलं होतं. यांना तिसरीच्या पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. हे काही बोलले नव्हते.

आता तपासणीची भीती वेगळी झाली. आधी यांचं नाव जाईल ही भीती होती. आता मी वर्गात उभी राहिले की तोंड उघडायला घाबरायची. एक वाक्य बोलले की बत्तीस तोंडांतून ते परत येईल, असं व्हायचं. पहिलीच्या पोरांना 'बसा' म्हटलं तरी ती एका सुरात 'बसा' म्हणायची, त्यांना तीच सवय होती. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की खडू हातातून सुटायचा. गावातलं कुणी "बाई, बरं हाय का?" म्हणालं तरी मला वाटायचं, याला कळलंय.

मी मुळापासून सुरू केलं. न बोलता. फळ्यावर अक्षर काढायचं, मुलांनी जमिनीवर खडूनं काढायचं, जुन्या पेपरात शोधून त्याला गोल करायचा. मी ओठ मिटून वर्गात फिरायची. पहिल्या दिवशी मुलं बावरली. "बाईचा घसा बसलाय," असं एकानं जाहीर केलं.

आठवडाभरानं एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. यांतल्या चौघांना हा प्रकार नवा नव्हता. पेपर दिला की ती लगेच गोल करायला लागायची. मी त्या बोटवाल्या मुलीला विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं गं?"

तिनं पेपरावरचा गोल पुन्हा गिरवला. शेजारचा मुलगा म्हणाला, "सांग की आता. सर कुठं हायत रागवायला?"

"तू गप रे भाड्या."

"शिव्या नको," मी म्हटलं. "काय सांगायचंय?"

"सर शिकवत होते, बाई. सकाळच्या पारी. टाकीच्या मागं."

"कधी?"

"शाळा भरायच्या आधी. तुम्ही येत नव्हत्या तवर. आख्खं साल झालं की."

"मग मला कसं माहीत नाही?"

मग मुलगा म्हणाला, "बाईला सांगायचं न्हाई म्हणले होते सर. बाईला लागंल म्हणले."

"काय लागेल?"

"ते न्हाई सांगितलं. लागंल म्हणले निस्तं. मावशीलाबी ठाव हाय. खिचडीवाल्या."

सकाळी हे माझ्या आधी अर्धा-पाऊण तास निघायचे. "टाकी भरून घेतो शाळेची, तू ये सावकाश," म्हणायचे. मी भाजी चिरायची, डबे भरायची, वेळ उरला तर पुस्तक घेऊन बसायची. मला वाटायचं, यांना सकाळी थोडं एकटं बरं वाटतं. मी त्याला आमच्यातलं सामंजस्य समजत होते.

मावशींकडं गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "कळलं का?"

"तुम्ही मला का नाही सांगितलं मावशी?"

"काय सांगू? सर म्हणले, मावशी, तिचा सगळा जीव त्या वाचून दाखवण्यात हाय. ते काढून घेतलं तर तिच्याजवळ काय ऱ्हाईल? हळूहळू करतो म्हणले, पोरं चौथीतून जायच्या आत निपटवतो. मी म्हणलं सर, तुमी बाईला भेता. तर हसले. हाव म्हणले, लई भेतो."

त्या तांदूळ निवडत राहिल्या. मी उभी होते. यांनी वहीत खोट्या खुणा केल्या, त्या माझी लाज झाकायला. आणि त्या खुणा खऱ्या करण्यासाठी रोज सकाळी टाकीमागं बसले. पण अकरातली चारच मुलं रोज वेळेआधी यायची. बाकीच्यांना घरी म्हशी होत्या, धाकटी भावंडं होती, काहींचे आईबाप दिवाळीनंतर उसाला गेले की तीही जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची. यांना वाटलं असेल, अजून एक वर्ष हातात आहे.

त्यांनी मला सांगितलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, चार दिवस बोलले नसते. मग पाचव्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून शिकवलं असतं. मला हे रोज वाटतं. आणि त्यांना मला सांगता येऊ नये अशी मी का होते, हेही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी केंद्रप्रमुख पुन्हा आले. या वेळी बसले. मावशींनी चहा दिला. त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे काय सर?"

"उतारा. तपासणीचा. कुठून आला विचारू नका." त्यांनी दाराकडं बघितलं. "मॅडम, बाकीच्या शाळांचं मला ठाव हाय. एक तुमची शाळा दाखवायला हाय माझ्याकडं. तुमच्या पोरांचं पाठांतर म्हणजे एक नंबर. आठ दिवस हायत. घ्या करून."

"सर, मुलांना वाचता येत नाही."

"मला काय कळत न्हाई का?" ते हळू बोलले. "तीस वर्षं झाली. सर गेले, मॅडम. माणूस गेला. आता त्याच्या वहीला कशाला हात लावता? पोरं पाचवीत जातील, तिथले मास्तर बघून घेतील. तुमच्यावर कारणे दाखवा निघंल, माझ्यावर निघंल. सरांचं नाव पेपरात येईल."

ते चांगले होते, हे मला लिहून ठेवायला हवं. यांच्या मयताची सगळी धावपळ त्यांनी केली होती. मी कागद घेतला.

दुसऱ्या दिवशी पोळा होता, शाळेला सुट्टी. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन चौथीच्या खोलीत गेले. एका तळ्याकाठच्या बगळ्याबद्दल बारा ओळी होत्या. मी मनात म्हटलं, यांच्यासाठी करते आहे. आणि पहिली ओळ वाचली.

मी 'मागून म्हणा' असं म्हटलंसुद्धा नाही. अकरा मुलांनी एका सुरात ओळ म्हटली. मी दुसरी वाचली. त्यांनी म्हटली. कित्येक दिवसांनी बाई बोलायला लागल्या म्हणून त्यांचे चेहरे फुलले होते. माझाही आवाज मोकळा झाला होता, मला चांगलं वाटत होतं, हे खरं आहे. पाचव्या ओळीला मी श्वास घेतला आणि त्यांनीही त्याच जागी श्वास घेतला. अकरा जणांचा तो एकत्र श्वास ऐकू आला.

मी थांबले. मुलं पुढच्या ओळीची वाट बघत होती. मी कागदाची घडी केली. "बाई, अजून म्हणा की," मुलगी म्हणाली. मी फळ्यावर 'बगळा' लिहिलं आणि त्यातलं एक अक्षर पेपरात शोधायला सांगितलं. 'ळ' नीट येईना, तो दोनदा पुसून काढला.

पथकात एक अधिकारी आणि दोन तरुण मुली होत्या, अध्यापक विद्यालयातल्या. अधिकारी व्हरांड्यात आले तेव्हा मी त्यांना पाणी देण्याच्या आधीच सांगून टाकलं. थांबले असते तर जमलं नसतं.

"सर, चौथीच्या मुलांना वाचता येत नाही. चौघं शब्द वाचतात. बाकीची अक्षरांवर आहेत."

त्यांनी वही उघडली. "रेकॉर्ड तर वेगळं सांगतंय."

"रेकॉर्ड चुकीचं आहे. सही माझी आहे."

"भरलंय कुणी?"

केंद्रप्रमुख माझ्या मागं उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, रात्रंदिवस त्याचं उत्तर जुळवत होते. त्या क्षणी जुळवलेलं काहीच आठवलं नाही.

"माझ्या पतींनी," मी म्हटलं. "या मुलांची पहिली-दुसरी माझ्याकडं झाली. मी त्यांना वाचायला शिकवलं नाही, पाठ करायला शिकवलं. मला ते कळत नव्हतं. त्यांना कळलं होतं. ते शिकवत होते, तेवढ्यात गेले."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग वहीकडं. "मॅडम, हे सगळं लिहायला या फॉर्ममध्ये जागा नाही," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कडूपणा नव्हता. खरंच जागा नव्हती.

तपासणी झाली. एकेक मूल आत जायचं. एकानं उताऱ्याचं चित्र बघून स्वतःचीच गोष्ट रचून सांगितली, त्यात बगळ्याला मोटारसायकल होती. त्या मुली हसू दाबत होत्या. बोटवाली मुलगी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी दाराआडून ऐकत होते. ती एकेक अक्षर जोडत होती. 'त'. 'ळं'. 'तळं'. मग लांब गप्प. मग पुढचा शब्द. अधिकारी म्हणाले, "बस, झालं बाळ, वेळ संपला." ती म्हणाली, "थांबा ना सर, आलंय." एक शब्द आणखी वाचून ती बाहेर आली.

नोटीस आली. मी उत्तर दिलं. केंद्रप्रमुखांनाही आली, त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. गावात एका दिवसात सगळ्यांना कळलं. शाळा समितीचे अध्यक्ष शेतकरी, त्यांचा मुलगा चौथीतच होता. त्यांनी बैठक बोलावली. मी सगळं पुन्हा सांगितलं, यांच्या वहीसकट. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. कुणी ओरडलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमी खरं बोलल्या, ते बरं केलं. पर माझ्या पोराची चार सालं गेली, ती कोण आणून देणार?"

कुणीतरी पाठीमागून म्हणालं, "सर असते तर केलं असतं त्यांनी." दुसरा म्हणाला, "असताना तरी काय केलं? खुणाच केल्या." त्यावर मावशी उठून उभ्या राहिल्या आणि त्याला म्हणाल्या, "तू तुझ्या लेकराला सकाळी धाडलं का कधी? म्हशी घेऊन धाडत होता." पण त्याचं ते वाक्य बोलून झालं होतं, आणि मी ते यांच्या नावावर बोलू दिलं होतं.

दिवाळीनंतर तीन मुलं उसाला गेली. दुसरीतल्या दोघांना आईबापांनी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. नवीन शिक्षक जानेवारीत आला. तोवर मी सकाळी लवकर जाऊन टाकीमागं बसायची. कधी सहा मुलं यायची, कधी दोन. उन्हाळ्यात शाळा सोडल्याचे दाखले लिहायची वेळ आली. त्यात 'प्रगती' असा एक रकाना असतो आणि तिथं सगळे 'समाधानकारक' लिहितात. मी चौघांपुढं 'वाचतो', 'वाचते' असं लिहिलं. सातांपुढं लिहायला पेन टेकवलं आणि बराच वेळ तसंच धरलं. मग 'वाचायला शिकत आहे' असं लिहिलं. कार्यालयातल्या बाबूनं असा शेरा चालत नाही म्हणून दाखले परत पाठवले. मी तेच पुन्हा लिहून पाठवलं. दुसऱ्यांदा परत आले नाहीत.

मी अजून पहिली-दुसरीला शिकवते. मोठ्यानं वाचत नाही. त्या अकरांपैकी चार मुलं आता वाचतात. सात मुलं वाचत नाहीत, आणि आता ती पाचवीत आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांतली तीन माझ्याकडं येतात. चार येत नाहीत.